आईची सावली नाहीशी झाली तेव्हा

आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि मी तिला उरणहून माझ्याकडे कामोठ्याला घेऊन आले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. पण कोळ्याच्या घरात जन्म गेलेल्या बाईला मे महिन्याचं ऊन वाया गेलेलं बघवत नाही. तिने जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, आणायला लावला आणि गच्चीवर जुन्या चादरीवर सुकायला पसरला. एका दुपारी मी पोळ्या लाटत असताना ती मला न सांगता लिफ्टने वर गेली.

खाली आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. दाराची चौकट धरून ती म्हणाली, "बाय, माजी सावली नाय."

मला वाटलं, चक्कर आली असेल. पाणी दिलं, नाडी पाहिली. ती सारखी एकच सांगत होती, "वाकून बघितला, फिरून बघितला. नाय सावली."

तिला पलंगावर निजवून मी वर धावले. गच्ची तापून पांढरी झाली होती. मी मधोमध उभी राहिले आणि खाली पाहिलं. पायांभोवती काळ्या रेघेसारखं थोडंसं काहीतरी होतं, बस. पाण्याच्या टाकीजवळ एक लोखंडी पाइप सरळ उभा होता, त्याची तर सावलीच नव्हती. मे महिन्याच्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

मी कामोठ्यातच एका क्लासमध्ये सहावीच्या मुलांना भूगोल शिकवते. 'ऋतू का होतात?' याचं उत्तर मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. त्या क्षणी त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. आठवलं ते लहानपणी ऐकलेलं, सावली गेली की माणूस जातो; आणि आठवले ते बाबा.

मी चौथीत असताना बाबा समुद्रावरून परत आले नाहीत. मे महिनाच होता. वादळ अचानक उठलं होतं. त्यांच्या होडीवरचे बाकीचे दोघे पोहत किनाऱ्याला लागले. आई त्याबद्दल कधीच बोलायची नाही. त्या दुपारी मात्र ती छताकडे बघत बोलली.

"तुजा बाप धक्क्यावर उबा होता. भर दुपार होती. हसत बोलला, बघ गो, माजी सावली पलाली. मी पण हसले." तिने तोंड भिंतीकडे वळवलं. "त्याच आठवड्यात गेला."

ती जेवली नाही. औषधाची गोळीही हातात धरून बसली. "आता कशाला?" म्हणाली. ऑपरेशनच्या टाक्यांवर हात ठेवून ती इतकी शांत पडली होती, की मी दर थोड्या वेळाने तिचा श्वास बघत होते. भीतीनेच हिचं हृदय थांबेल, असं मला वाटायला लागलं.

संध्याकाळी मी क्लासमधून पृथ्वीचा गोल घरी आणला. टेबलावर दिवा लावला आणि आईला उठवून बसवलं.

"ही वाकडी कशाला?" तिने गोलाला बोट लावून विचारलं.

"पृथ्वी अशीच कललेली आहे. कललेलीच सूर्याभोवती फिरते. आता आपली बाजू सूर्याकडे झुकली आहे, म्हणून दिवस मोठे आणि ऊन सरळ डोक्यावर. सहा महिन्यांनी ती पलीकडे झुकेल, ऊन तिरपं पडेल, मग थंडी."

"उन्हाल्यात सूर्य जवल येतो ना?"

"नाही गं. जुलैत तर तो सगळ्यात लांब असतो. सगळा खेळ या कलण्याचा. याच दिवसांत एकदा दुपारी सूर्य बरोबर आपल्या माथ्यावर येतो, आणि सावली पायाखाली जाते. पुढे पावसाळ्यातही एकदा येतो, पण तेव्हा ढग असतात."

आई बराच वेळ गोल फिरवत राहिली.

"मंग त्या दिवशी धक्क्यावर माजी पन सावली नसंल?"

"नसणार. कोणाचीच नसणार."

"त्या दोगांची पन?"

"त्यांचीही."

तिने गोळी तोंडात टाकली आणि ती पाणी प्यायली. मला हायसं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "सगल्यांचीच गेली होती. मंग तो एकलाच का गेला?"

मी दिवा बंद केला.

काही दिवसांनी मी तिला गच्चीवर नेलं. आता भर दुपारी सावली दक्षिणेला पडेल, हे आधीच सांगून ठेवलं होतं. तरी आपली सावली नेहमीच्या उलट बाजूला पाहून तिने माझं मनगट आवळलं. मग खाली बसून जवळा चाळवू लागली.

आई बरी होऊन पावसाळ्यात उरणला परत गेली. अजून धडधाकट आहे. मे महिन्यात ती भर दुपारी घराबाहेर पडत नाही. मी तिला कारण विचारत नाही, आणि त्या दिवसांत मीही गच्चीवर जायचं टाळते.