दप्तरकाकांची वाटणी

दप्तरकाका कुठलाही जुना कागद वाचण्याआधी त्याचा वास घेत. अत्तराचा फाया हुंगावा तसा, डोळे मिटून. मग निकाल देत, "हा पाण्यातून गेलाय," किंवा "हा कपाटात नव्हता, कुणीतरी पेटीत कपड्यांखाली ठेवला होता." अल्फारेटा या अमेरिकन गावातल्या आमच्या घराचा भाडेकरार मी एकदा गंमत म्हणून त्यांच्या हातात दिला, तर हुंगून म्हणाले, "याला वासच नाही. म्हणजे यावरून अजून कुणी भांडलेलं नाही."

रत्नागिरीकडच्या एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड रूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. लाल रुमालांत बांधलेली दप्तरं, त्यांवरची धूळ आणि दारात ताटकळणारी माणसं, हेच त्यांचं जग. बायको गेल्यावर धाकट्या मुलाने, प्रसादने, त्यांना इकडे आणलं. प्रसाद आणि शिल्पा दिवसभर आपापल्या लॅपटॉपवर, आणि काका खिडकीशी बसून पोस्टमनची वाट बघत, कारण तेवढाच एक माणूस कागद घेऊन यायचा. मी समोरच्या घरात राहायचे. तेव्हा मी डिपेंडंट व्हिसावर होते. इंजिनिअरिंगची डिग्री बॅगेत आणि काम करायला मनाई. आम्ही दोघंही बिनकामाचे, त्यामुळे आमचं लवकर जमलं. फरक एवढाच, की मला गाडी चालवता येत होती.

चारचौघांत इतर आजोबा नातवंडांचे फोटो काढून दाखवतात, काका खिशातून स्वतःच्या मृत्युपत्राची प्रत काढायचे. तीन पानं, स्वहस्ताक्षरात, प्रत्येक पानावर सही. ते वाचून दाखवताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा लागायचा. त्यातलं त्यांचं आवडतं कलम पाटल्यांचं होतं: "कै. मालतीच्या सोन्याच्या पाटल्या, नग दोन, पैकी एक थोरल्या सुनेस व एक धाकट्या सुनेस." शिल्पा दर वेळी चिडायची.

"बाबा, एका पाटलीचं मी काय करू? दुसरा हात काय मोकळा ठेवू?"

"दुसऱ्या हातात घड्याळ घाल. न्याय म्हणजे न्याय. उद्या तुमच्यात भांडण झालेलं मला वरून बघायचं नाही."

एका मैत्रिणीच्या लग्नाचं लायसन्स काढायला आम्ही शेजारच्या काउंटीतल्या प्रोबेट कोर्टात गेलो, तेव्हा काकांना बरोबर घेतलं, तेवढाच त्यांना बाहेरचा वारा. इथे लग्नाची लायसन्स आणि मेलेल्यांची मृत्युपत्रं एकाच कचेरीत असतात. "सोयीचं आहे," काका म्हणाले, "वारसांची सुरुवात आणि शेवट एकाच काउंटरवर." नवरानवरी फॉर्म भरत होते तेवढ्यात काका दिसेनासे झाले. मी शोधत गेले तर काका शेजारच्या खोलीत, पाटाएवढ्या जाडजूड वहीवर नाक टेकवून उभे. कुणा परक्या देशातल्या, कधीच मरून गेलेल्या शेतकऱ्यांची मृत्युपत्रं कारकुनाने एकाखाली एक उतरवून घेतलेली ती वही. काउंटरवरची बाई घाबरून माझ्याकडे बघत होती. काकांनी मान वर केली, तर डोळ्यांत पाणी. म्हणाले, "अगं मेघना, हा आमच्याच खोलीचा वास आहे."

त्या खोलीत टेबलापाशी आणखी एक बाई बसल्या होत्या. काळ्या, उंच, सत्तरी ओलांडलेल्या, गळ्यात साखळीला चष्मा. त्या मिस लोरेटा. उभी हयात त्यांनी शाळेची बस चालवली होती, आणि रिटायर झाल्यापासून दर मंगळवारी इथे येऊन बसत. काकांनी त्यांना आपल्या जपून वापरायच्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, सर्चिंग हूम?" या एका प्रश्नाने पुढचं वर्ष ठरलं.

लोरेटाबाई शोधत होत्या त्यांच्या आजीच्या आजीला. तिचं नाव फिबी. गुलामीच्या काळात फिबी लहानपणापासून मिस सारा नावाच्या गोऱ्या बाईच्या घरी वाढली. आई कुठे आहे असं विचारलं, की त्या घरातले सांगायचे, "तुझ्या आईने तुला देऊन टाकलं." फिबीने ते मनात धरलं, म्हातारपणी नातीला सांगितलं, नातीने लोरेटाबाईंना सांगितलं. आईचं नाव हेस्टर, एवढंच घरात टिकलं होतं, तेही रागाने घेतलं जायचं. "मला एवढंच बघायचंय," लोरेटाबाई म्हणाल्या, "तिने मुलगी दिली, की तिच्याकडून नेली?" साराच्या नवऱ्याच्या घराण्यातलं एकूण एक मृत्युपत्र त्यांनी वाचलं होतं. त्यात ना हेस्टर होती, ना फिबी.

मी हे सगळं काकांना मराठीत समजावून सांगितलं. काकांनी मला भलताच प्रश्न विचारला. "या साराचं माहेर कुठलं?"

"काका, इथे माहेर काय कामाचं?"

"वेडी आहेस. नवऱ्याच्या घरी नाही सापडत, म्हणजे मुलगी साराबरोबर माहेरून आली असेल. सासरच्या कागदात माहेरचं काय सापडणार? साराचा बाप शोधा."

ते मी इंग्रजीत सांगितल्यावर लोरेटाबाईंनी चष्मा काढला आणि काकांकडे बघतच राहिल्या. मग खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं मी त्या नवऱ्याच्या मागे लागले होते!" त्या दिवसापासून त्या त्यांना 'मिस्टर काका' म्हणायला लागल्या.

मग आमचे मंगळवार सुरू झाले. मी गाडी चालवायची, काका शेजारी डबा मांडीवर घेऊन. त्या डब्यात पेढे असायचे, मिल्क पावडरचे, मायक्रोवेव्हमध्ये स्वतः केलेले. त्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये कुणाचा हरवलेला कागद सापडला, की तो माणूस पेढे घेऊन यायचा. इथे कोण आणणार, म्हणून काकांनीच जय्यत तयारी ठेवलेली. दर मंगळवारी डबा जायचा, काही न सापडता परत यायचा आणि संध्याकाळी आमच्या पोटात जायचा. माझं वजन वाढलं ते याच संशोधनात.

काम त्यांच्या पद्धतीने चालायचं. इंडेक्सवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "इंडेक्स करणारा कारकून जेवायच्या सुट्टीची वाट बघत असतो. मी केलेत ना इंडेक्स, मला विचार," म्हणायचे. त्यामुळे पान अन् पान वाचायचं. जुनी इंग्रजी अक्षरं मला किड्यामुंग्यांसारखी दिसायची; काका मोडी वाचून तयार झालेले. "अक्षर लागत नसलं, की नुसतं बघत बसायचं. घाई केली की ते रुसतं," हे त्यांचं तंत्र. कारकुनाशी तर त्यांची दोस्तीच झाली होती, माणूस जाऊन दीडशे वर्षं झाली असली तरी. "आज याची तब्येत बरी नाही, ओळी बघ कशा उतरल्यात."

लग्नाच्या नोंदींत साराचं माहेरचं आडनाव मिळायला थंडी उलटली. तिच्या बापाचं मृत्युपत्र सापडलं तेव्हा मार्च सरत आला होता आणि पाइनच्या झाडांची पिवळी धूळ सगळ्या गाड्यांवर बसली होती. काका भिंगातून वाचत होते. एकदम ताडकन उठले. "सापडली! मॅडम, फाउंड! हेस्टर फाउंड! फिबी फाउंड!" त्यांनी डबा उघडला, एक पेढा लोरेटाबाईंच्या हातावर ठेवला, एक काउंटरवरच्या बाईला नेऊन दिला, एक माझ्या तोंडात कोंबला. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

लोरेटाबाईंचा हात पेढ्यासकट तसाच टेबलावर होता. दुसऱ्या हाताचं बोट त्या ओळीवर. थोड्या वेळाने त्यांनी पेढा हळूच कागदी रुमालावर ठेवला, आपली टिपणवही पिशवीत घातली आणि बाहेर गेल्या. काकांना कळेना. मी वाकून ती ओळ वाचली आणि त्यांना मराठीत सांगितली: माझा मुलगा विल्यम याला हेस्टर नावाची बाई. माझी मुलगी सारा हिला हेस्टरची मुलगी फिबी, एक पलंग, गादी आणि तांबडी घोडी.

काकांनी नावं वाचली होती, ओळ वाचली नव्हती.

परतताना त्यांनी डबा मांडीवर घट्ट धरला होता. अर्ध्या रस्त्यात म्हणाले, "मी त्या बाईला पेढा दिला गं." मी काहीबाही समजूत घातली. ते ऐकत नव्हते. "तो बाप लबाड नव्हता, हे बघितलंस का तू? मुलगा-मुलगी भेद केला नाही त्याने. याला एक, तिला एक. आपण चोख न्याय केला असं वाटूनच त्याने सही केली असणार. मीही तशीच केलीय." मी म्हटलं, "काका, पाटल्या आणि माणसं एक आहेत का?" "नाहीत, ते मला कळतं," ते म्हणाले. "त्याला कळत नव्हतं."

पुढचे तीन मंगळवार काका आलेच नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. गुडघा ठणठणीत होता. सकाळी त्यांना अंगणात फेऱ्या मारताना मी बघत होते. शिल्पा सांगायची, बाबा जेवत नाहीत धड, मृत्युपत्रही खिशातून काढत नाहीत. मला त्यांची फार दया यायची, आणि स्वतःचा रागही यायचा, की ती ओळ मी आधी वाचायला हवी होती.

चौथ्या मंगळवारी लोरेटाबाईंचा मला फोन आला. मिस्टर काकांचं घर दाखव, म्हणाल्या. दारात त्यांना बघताच काकांनी हात जोडले. सदरा, कानटोपी, आणि चेहरा गुन्हेगाराचा. "सॉरी मॅडम. व्हेरी व्हेरी सॉरी."

लोरेटाबाई आत येऊन सोफ्यावर ऐसपैस बसल्या. "मिस्टर काका, मी त्या दिवशी तुमच्यावर रागावले नव्हते," त्या म्हणाल्या, आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. "मला रडायचं होतं, आणि त्या खोलीत मी कधी रडत नाही. आमच्या घरात पाच पिढ्या एका आईवर राग धरून होत्या. तिने मुलगी दिली नव्हती. तिच्याकडून नेली, आणि ते कागदावर लिहिलंय. गेल्या रविवारी मी चर्चमध्ये उभी राहून हेस्टरचं नाव घेतलं. आमच्यात पहिल्यांदाच कुणी ते प्रेमाने घेतलं." मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "माझा पेढा कुठे आहे?"

पेढे नव्हते. त्या दिवसापासून काकांनी केलेच नव्हते. पण असा पाहुणा परत जाऊ देतील ते काका कसले? ते स्वयंपाकघरात धावले. मिल्क पावडर, कंडेन्स्ड मिल्क, वेलची, मायक्रोवेव्हची पीप पीप. लोरेटाबाई पाऊण तास बसून राहिल्या. पेढे खालून करपले होते, चिकट झाले होते. त्यांनी तीन खाल्ले, आणि काका समोर बसून लहान मुलासारखे रडले.

त्यानंतर हेस्टरचं पुढे काय झालं ते आम्ही पुष्कळ शोधलं. विल्यम तिला घेऊन दुसऱ्या राज्यात गेला, तिथून पुढे कागद मिळाले नाहीत. काकांनी लोरेटाबाईंना वंशावळ काढून दिली, मोठ्या कार्डशीटवर, सगळ्यात वर हेस्टर. आमच्याकडे वंशावळीत सगळ्यात वर पुरुष असतो. काकांनी ही प्रथा कुणाला न विचारता मोडली.

पुढच्या पावसाळ्याआधी ते रत्नागिरीला थोरल्या मुलाकडे गेले. विमानतळावर मला म्हणाले, "मंगळवार चुकवू नकोस. त्या खोलीत अजून पुष्कळ जणी आहेत." दिवाळीनंतर परत येणार होते. गणपती झाल्यावर आठवड्याभरात गेले, दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता. मी त्या मंगळवारी प्रोबेट कोर्टातच होते. आता मीही वही उघडण्याआधी वास घेते, आणि काउंटरवरच्या बाईला त्याचं काही वाटत नाही.

महिन्याभराने प्रसादने मला बोलावलं. त्याच्या दादाने बाबांचं मृत्युपत्र पाठवलं होतं. काकांनी जाण्याआधी ते नव्याने लिहिलं होतं आणि त्यातली एक ओळ घरात कुणालाच कळत नव्हती. "तुला काही माहीत आहे का गं?" त्याने विचारलं. मी वाचलं. तेच वळणदार अक्षर.

"कै. मालतीच्या सोन्याच्या पाटल्या, नग दोन, दोन्ही धाकट्या सुनेस. थोरल्या सुनेस ठुशी. पाटल्यांची जोडी फोडू नये. चोख वाटणी करणाऱ्या एका बापाचा कागद मी वाचला आहे."

मी त्यांना सगळं सांगितलं. शिल्पा उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पाटल्या दिवाळीला कुणाबरोबर तरी आल्या. पाडव्याला लोरेटाबाई फराळाला आल्या, तेव्हा मी त्यांना ती ओळ आधी मराठीत वाचून दाखवली, कारण त्यांना ती काकांच्याच शब्दांत ऐकायची होती, आणि मग इंग्रजीत. शिल्पाने दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. लोरेटाबाईंनी तिची मनगटं आपल्या म्हाताऱ्या हातांत घेतली, एकेका पाटलीवरून अंगठा फिरवला, आणि हळूच म्हणाल्या, "दे स्टेड टुगेदर."