आईचं आधीचं नाव

माझं डोकं मुळातच लवकर तापतं, त्यात बँक म्हटलं की विचारूच नका. मुलुंडच्या ज्या शाखेत आईचं खातं कैक वर्षं आहे, त्याच शाखेने ते एके दिवशी बंद करून ठेवलं. कारण काय, तर केवायसी अपुरी. आईने आयुष्यभर घरी पाळणाघर चालवलं, त्या कमाईचं ते खातं. माझ्याकडे राहते, पण भाजी आणि औषधं स्वतःच्याच पैशांची. मी दिलेल्या नोटा तिने तशाच फ्रिजवर ठेवल्या आणि बाजारात जाणंच सोडलं. ती अशी दिवसभर खिडकीशी बसलेली मला बघवेना.

आम्ही बँकेत गेलो. तिथला शिपाई आईला ओळखतो, 'काकू, गुडघा कसाय?' म्हणत त्याने खुर्ची दिली. टेबलामागच्या मुलीने मात्र कागद परत केले. पॅनवरची जन्मतारीख त्यांच्या नोंदीशी जुळत नव्हती, म्हणून शाळेचा दाखला हवा होता. दुसऱ्या दिवशी तो नेला. त्यावर आईचं माहेरचं नाव. नुसतं आडनाव नव्हे, सगळंच वेगळं. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं आणि जुनं संपलं, तशी आपल्याकडे रीतच होती.

"ही वेगळी व्यक्ती दिसतेय," मुलगी म्हणाली.

"अगं, ती तुझ्यासमोर बसलीय ना!" मी ओरडलेच. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली.

"मला कळतंय मॅडम, पण सिस्टीम घेत नाही. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं ॲफिडेव्हिट आणा."

पाय आपटत मी आईला नोटरीकडे घेऊन गेले. त्याने तयार मजकुरात दोन्ही नावं भरून कागद पुढे सरकवला. आईने चष्मा लावून तो सावकाश वाचला. 'माहेरचे नाव मी स्वखुशीने सोडले आहे' या ओळीतल्या 'स्वखुशीने'वर बोट ठेवलं आणि पेन खाली ठेवलं.

"हा शब्द काढा."

"आजी, सगळ्यांचं असंच असतं. कोण वाचतंय?"

"मी वाचलं ना."

मी सारखी घड्याळ बघत होते. बँक बंद व्हायची वेळ होत आली होती. "आई, कर ना गं सही! एका शब्दाने काय वाट लागणारे?"

"खोटं आहे ते," ती म्हणाली, "आणि सही माझी आहे."

नोटरीने कुरकुरत कागद नव्याने काढून दिला. बँकेतल्या मुलीने शिक्का तेवढा बघितला आणि कागद ठेवून घेतला. चार दिवसांनी खातं चालू झालं. आईने लगेच पैसे काढले आणि बाहेरच्या गाडीवर घासाघीस करून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. मी अजून धुसफुसतच होते, तरी रिक्षात बसल्यावर विचारलं, "तुला आवडायचं का गं ते नाव?"

"तुझं तेच ठेवायचं होतं मला," मेथीची मुळं तोडत आई म्हणाली. "पण बारशाला आत्याने तुझ्या कानात दुसरंच सांगितलं."