हात उघडत नव्हता

“हिस्टेरिया,” डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे नव्हे, काकाकडे बघून. “हाताला काही झालेलं नाही. वयात आलेली मुलगी आहे. लग्न करून टाका, आपोआप बरी होईल.”

१९६०च्या दशकातली ही गोष्ट. मी पंधरा वर्षांची होते. उजव्या हाताची बोटं तळव्यात रुतून बसली होती, काही केल्या उघडत नव्हती. काका मात्र खूश झाला. घिवलीच्या एका विधुराशी माझं लग्न त्याने ठरवलंच होतं. आता डॉक्टरचाही दुजोरा मिळाला.

आमचं घर पालघरकडच्या दांडी गावातलं, मासेमारीवर चालणारं. आदल्या वर्षी बाबा समुद्रावर गेले ते परत आले नाहीत. होडीही आली नाही. दिवसकार्य उरकलं आणि काकाने माझी शाळा बंद केली. मी वर्गात पहिली यायचे, त्याचं कुणाला काही नव्हतं. मला बोंबील वाळत घालायला बसवलं. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. बापासाठी रडायला सवड नव्हती. आईलाही नव्हती. ती टोपली डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजाराला जायची.

लग्न ठरल्याचं कळलं त्याच दुपारी माझा हात वळला.

आधी सगळे म्हणाले, ढोंग करते. मग म्हणाले, बाहेरची बाधा आहे. काकाने भगत आणला. त्याने विळा तापवून माझ्या मनगटावर डाग दिला. मी किंचाळले, मूठ तशीच राहिली. तेव्हा कुठे पालघरचा दवाखाना. तिथे एक्स-रे काढला, म्हणजे हाडांचा फोटो. तो चांगला आला, म्हणून हा लग्नाचा सल्ला!

डाग चिघळला. पट्टी बदलायला आई मला पुन्हा घेऊन गेली. या वेळी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जखम बघितली आणि त्यांचा चेहराच बदलला.

“हे कुणी केलं?”

आईने सगळं सांगितलं. बाबांचं, शाळेचं, लग्नाचं. तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

“हिस्टेरिया म्हणजे नाटक नाही,” बाई म्हणाल्या. “मनाला सोसेनासं झालं की कधी कधी शरीर अडून बसतं. तिला पुन्हा शाळेत घाला.”

आई भडकली. “शालंत घालू, नि खाऊ काय? हिचा बापूस गेला तवा आमाला इचाराया कोन आलं?”

बाईंनी पट्टी बांधून पुरी केली. मग हळूच म्हणाल्या, “लग्न तरी थांबवता येईल?”

आई माझ्या मुठीकडे बघत राहिली. “ते मी थांबवीन.”

घरी येऊन तिने काकाला तोंडावर सांगितलं, “पोर माजी हाय. हे लगीन व्हनार नाय.” काकाने आम्हाला वेगळं काढलं. ते वर्ष आम्ही अर्धपोटी काढलं.

पट्टी बदलायला गेले की बाई कोमट पाण्यात माझा हात धरून बोटं हलवायला लावत आणि बाबांविषयी विचारत. एकदा मी तिथेच, भरल्या दवाखान्यात, ओक्साबोक्शी रडले. एक कंपाउंडर आत डोकावून हसला. बाईंनी त्याला हाकलून दिलं. त्यानंतर बोटं सुटू लागली. आधी अंगठा, मग एकेक बोट. करंगळी अजून वाकडीच आहे.

हात बरा झाला, शाळा मात्र गेली ती गेलीच. त्यावर कुठल्याच दवाखान्यात औषध नव्हतं.

तुमच्या घरातली मुलगी अशी आकडली, मुकी झाली, तिला झटके येऊ लागले, तर भूत शोधू नका. तिच्याकडून काय काय काढून घेतलंत, ते आधी आठवा. डॉक्टर लग्न सुचवत असेल तर उठून दुसऱ्याकडे जा.

आईचे आणि त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी जन्मभर मानीन. लोक म्हणतात, काकाला आणि बाकीच्यांना आता माफ कर, मन शांत होईल. मी त्यांना माफ केलेलं नाही. आणि मी बरी आहे.