पोटावरची थाळी

२२ नोव्हेंबर १९६४, रविवार. सकाळी कडक थंडी. खंडाळ्याच्या दरीत उन्हं चढेपर्यंत धुकं. दुपारी आभाळ निरभ्र, वारा नाही.

दवाखान्यात किस्से साठतात ते रिकाम्या बाटल्यांसारखे. मुद्दाम कुणी साठवत नाही. एक खिडकीत राहते, एक फळीखाली घरंगळते, आणि दिवाळीची साफसफाई काढावी तर टोपली भरून निघतात. बूच काढून पाहावं तर आत अजून तोच कडू वास!

मी लोणावळ्याच्या बाजारातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर आहे. आम्ही तिघं: डॉक्टर, मी आणि गंगूमावशी. मावशी झाडलोट करते, सुया उकळते आणि डॉक्टरांच्या आधी रोग्याला सल्ला देऊन मोकळी होते. तिचा मुलगा गणपत रेल्वेत गँगमन. घर खंडाळ्याला, रेल्वेच्या चाळीत. त्याची बायको शेवंता. तिची दोन बाळं पोटातच गेली. तिसऱ्या खेपेला, या आषाढात, पाचव्या महिन्यात ती रक्त थुंकली. क्षय!

तेव्हापासून आमच्या दवाखान्यात गरोदर बाई आणि औषध याशिवाय दुसरा विषय नाही. म्हणून आज बाटल्या त्याच निघताहेत.

*

त्या आषाढातच डॉक्टरांनी मावशीला समोर बोलावलं. ती केरसुणी हातात धरूनच उभी राहिली. शेवंता दाराशी, डोक्यावरून पदर ओढून.

"गंगूबाई, क्षयाची सुई द्यावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "नाही दिली तर दोघंही जातील. दिली तर औषध कानाला बाधू शकतं."

"कुनाच्या?"

"आईच्या. आणि नाळेतून आत जातं, म्हणून बाळाच्याही. चक्कर आली, कानात आवाज यायला लागला, तर त्याच दिवशी मला सांगायचं."

मावशीने केरसुणी खाली टाकली. "म्हंजी पोरगं भैरं निपजंल?"

"निपजेलच असं नाही. पण दोघांच्या कानांवर लक्ष ठेवायचं."

"दोन गेली, डाक्टर. ह्ये तरी हाती लागू द्या. पन भैरं नगं!"

शेवंताला कुणी काही विचारलं नाही. सासूसमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. दंड पुढे करायला मात्र रिवाजाची आडकाठी नाही. पहिली सुई मी त्याच दिवशी दिली.

*

काही वर्षांमागे आलेला उर्से गावाकडचा एक शेतकरी. बायको सातव्या महिन्यात, कागदासारखी पांढरी. डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. महिन्याने जोडी परत आली. बायको होती त्याहून पांढरी, आणि हा गाजरासारखा लाल!

"गोळ्या घेतल्या का हिने?"

"सगळ्या संपल्या की."

"मग रक्त कुठं गेलं?"

त्याने पागोटं सारखं केलं. "त्याचं काय हाय, आई म्हनली, गोळी उष्ण. पोटुशी बाईला उष्ण सोसत न्हाई, पोट पडंल. मग टाकायची कशी औशीद? नवराबायकूचं रगात एकच म्हून मीच खाल्ल्या. लय तरतरी आली बगा!"

डॉक्टरांनी त्याची नाडी पाहिली. मग मला म्हणाले, "याला बाळंत कुठं करायचं ते विचारून घ्या."

आम्ही हसलो. बाई हसली नाही. ती मार्गशीर्षात बाळंत झाली आणि संक्रांतीच्या आत गेली. तो पुढच्या वर्षी नव्या बायकोला घेऊन आला. "डाक्टर, हिला उष्ण चालतं," म्हणाला.

*

हा किस्सा दोन पावसाळ्यांपूर्वीचा. खंडाळ्याच्या एका बंगल्याचा ड्रायव्हर भर पावसात गाडी घेऊन दाराशी उभा. "मालकांनी कोयनेल मागवलंय. मोलकरणीला ताप आहे. मोठी बाटली द्या."

कोयनेल हिवतापावरचं. गरोदर बाईने भलत्या मापाने घेतलं तर पोट पडतं, हे साऱ्या मावळाला ठाऊक. हिवतापाने फणफणलेल्या गरोदर बायांना डॉक्टर मोजून कोयनेल द्यायचे, तर घरची माणसं त्याच भीतीने ते गटारात ओतायची. ज्यांना हवं त्या घेत नाहीत, आणि...

"मुलीला घेऊन ये," डॉक्टर म्हणाले.

"मालक म्हणाले, आणायचं काम नाही. तुम्ही औषध द्या."

"ताप किती आहे?"

"ते नाही सांगितलं."

"किती दिवस झाले तापाला?"

ड्रायव्हर टोपीतलं पाणी झटकत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "चौथा महिना लागलाय."

डॉक्टरांनी बाटली दिली नाही. बाटली दुसरीकडून गेली. मुलीला पाहायला डॉक्टर स्वतःच छत्री घेऊन बंगल्यावर गेले, तर मालक व्हरांड्यात चहा पीत होते. म्हणाले, "गावी पाठवली तिला. ताप उतरला."

*

आमच्याकडे मूल जन्मलं की काशाची थाळी वाजवतात. मावशीला तेवढी वाट बघवेना. रोज दिवेलागणीला ती शेवंताला भिंतीशी टेकवून बसवी आणि पोटाजवळ धरून थाळीवर पळीचे दणके घाली!

पहिल्या दिवशी अख्खी चाळ धावत आली. "झाली का गं बाळंत?"

"न्हाई! कानाची तपासनी चाललीया!"

आतून लाथ बसली की मावशीचा आनंद गगनात मावेना. "ऐकतंय! माजं गुलाम ऐकतंय!" गणपत म्हणाला, "आये, आमच्या सायबाच्या पोटावरबी एकदा वाजव. त्यो कुनाचंच ऐकत न्हाई!"

मावशी दवाखान्यात हे साभिनय सांगायची. डॉक्टर हसायचे, मीही हसायचो. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "आणि शेवंता? ती काय करते तेव्हा?"

"ती बया दोनी कानांवर हात ठिवून बसती. भारी नाजूक!"

*

दरम्यान मुंबईहून एका औषधकंपनीचा माणूस आला होता. गळ्यात टाय, बुटांना लोणावळ्याचा चिखल. त्याची पिवळी कॅप्सूल कोणत्याही तापावर चालते म्हणाला.

"गरोदर बाईला?" डॉक्टरांनी विचारलं.

"अगदी बिनधास्त! आजवर एकाही बाईची तक्रार नाही."

"आणि पोटातल्याची?"

तो खळखळून हसला. डॉक्टर हसले नाहीत, कारण त्यांच्यासमोर हमीदभाई बसले होते. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको अमीना गरोदर असताना पुण्याच्या कुणा डॉक्टरांनी याच कॅप्सूल दिल्या होत्या. ताप गेला. मुलगी गोड झाली, आणि तिला दात आले ते चहात बुडवल्यासारखे तपकिरी!

सासू म्हणाली, पोटुशी असताना माती खाल्लीस. नणंद म्हणाली, ग्रहण पाळलं नाहीस. अमीना हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासायची त्या दुधाच्या दातांना. पोर रडायची. डॉक्टरांनी समजावलं की औषध दातांत उतरलंय, आईचा दोष नाही. सासूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पर औषध तो इसीने खाया ना?"

टायवाल्याला डॉक्टरांनी हे सगळं सांगितलं. त्याने गंभीर चेहऱ्याने लिहून घेतलं. पुढच्या खेपेला तो खरंच नवं काहीतरी घेऊन आला. दंतमंजनाचे नमुने!

*

भाद्रपदापासून शेवंता सुईला यायची ती भिंतीला हात लावत.

"चक्कर येते का?" डॉक्टर तिला विचारायचे.

उत्तर मावशीचं. "पोटुशी बाई भवंडनारच की! मला गणपतच्या वक्ताला दिवसाढवळ्या चांदण्या दिसायच्या."

"कानात काही आवाज?"

"काय न्हाई. आतलं झकास ऐकतंय. कालबी दोन लाथा हानल्या!"

"गंगूबाई, मी तिला विचारतोय."

"तिनं काय निराळं सांगायचंय?"

शेवंता पदराआडून हसायची. कशालाही हसायची. मावशी कौतुकाने म्हणायची, "आता लय शानी झालीया. थाळी वाजवली तरी कानांवर हात न्यायची न्हाई."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मावशीला ताप होता, म्हणून शेवंताला गणपत घेऊन आला. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. गणपत म्हणाला, "रातकिडं म्हनती की. कानात रातकिडं वरडत्यात. आये म्हनली, खंडाळ्याला पावसाळ्यात रातकिडं न्हाई तर काय सनई वाजंल?"

"किती दिवस झाले?"

"गनपतीच्या आधीपासनं."

डॉक्टरांनी माझ्या हातातली भरलेली सिरिंज काढून घेतली. सुई त्या दिवशी बंद, नुसत्या गोळ्या चालू. मग ते शेवंताच्या पुढ्यात बसले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तू मला का नाही सांगितलंस?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मान हलवली. तेव्हा ती मोठ्यांदा बोलली. दवाखान्यात मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"आत्याबाई सांगत व्हत्या की तुमास्नी!"

दुसऱ्या दिवशी मावशीला हे कळलं. तापातच उठून आली. "रातकिडं तिच्या कानात हायती," ती म्हणाली. "पोराच्या न्हाईत ना?"

*

आज बारसं. बाळंतपण पुण्याच्या इस्पितळात झालं. तिथे मावशीला थाळी वाजवू दिली नाही, हा राग तिने आजपर्यंत पदरात बांधून ठेवला होता. घरी आल्यापासून बाळ मावशीजवळ, आणि खोकला बाधू नये म्हणून शेवंता पडवीत वेगळी. फक्त पाजायला तोंडाला फडकं बांधून जवळ घ्यायचं.

डॉक्टर आणि मी दुपारी चाळीत पोचलो. पाळण्याभोवती बाया दाटलेल्या. शेवंता पडवीत आमच्याकडे पाठ करून द्रोणांत घुगऱ्या भरत होती.

नाव ठेवून झालं. बाळ झोपलं होतं. मावशीने काशाची थाळी काढली, पदराने पुसली, पाळण्याशी धरली.

"गंगूबाई, हळू," डॉक्टर म्हणाले.

तिने पळीचा असा दणका दिला की मी खुर्चीवरून उठलो. बाळ ताडकन दचकलं. दोन्ही मुठी वर गेल्या आणि त्याने टाहो फोडला!

"ऐकतंय!" मावशी ओरडली. बायांनी टाळ्या पिटल्या. गणपतने डॉक्टरांचे पाय धरले. मावशी रडत होती, हसत होती, आणि थाळी वाजवतच होती. बाळ काळंनिळं होईस्तोवर रडलं.

"शेवंते, ये गं! भूक लागली त्येला, घे!"

शेवंताने एक द्रोण बाजूला ठेवला, दुसरा घेतला.

"शेवंते!"

हळूहळू बायांच्या टाळ्या थांबल्या. थाळी थांबली. बाळाचं रडणं तेवढं चालू राहिलं. मावशी पडवीत गेली आणि तिने शेवंताच्या खांद्यावर हात ठेवला.

शेवंता वळली. सगळी माणसं आपल्याकडे बघताहेत हे तिला दिसलं. मावशीचे ओठ हलताना दिसले. ती गोंधळली, तोंडाशी बोट नेलं आणि खच्चून ओरडल्यासारखी म्हणाली,

"हळू बोला की, आत्याबाई! निजलाय त्यो!"

*

संध्याकाळी डॉक्टरांनी दोघांना तपासलं. मुलगा, वजन सहा पौंड, दोन्ही कान चांगले. शेवंताचा ताप गेला आहे, थुंकीत रक्त नाही. उजव्या कानाने काही ऐकू येत नाही. डाव्याने येतं, थाळी अगदी कानाशी धरून वाजवली तर.