फुकटचा वळसा

सहा टेबलांच्या त्या खानावळीत आचारी आणि मालक एकच होता, आणि सध्या त्याच्या नाकी नऊ आले होते. दुपारी गिऱ्हाईक यायचं, घड्याळ बघत बसायचं आणि नुसतं पाणी पिऊन उठून जायचं. असंच चाललं तर दोन महिन्यांत कुलूप लावायचं, हे त्याने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

शेवटचा उपाय म्हणून लेक चार दिवसांची सुट्टी टाकून आली. ती कारखान्यात होती. माणसांचे फुकट जाणारे हेलपाटे शोधून काढायचे, हेच तिचं काम. तिने स्वयंपाकघराचा नकाशा कागदावर काढला आणि कोपऱ्यात स्टूल टाकून बसली. बाप जिथे जाईल तिथे तिची पेन्सिल.

"माझ्या पायांवर पाळत ठेवतेस होय?" आचारी हसला.

संध्याकाळी तिने कागद पुढे ठेवला. शेगडीपासून फ्रिजपर्यंत सरळ सहा पावलं. पण एक रेघ सरळ असेल तर शपथ! सगळ्या मध्येच फुगून, रिकाम्या फरशीला वळसा घालून गेलेल्या.

"इथे काय आहे, बाबा?"

"कुठे काय? काही नाही."

म्हणाला खरा, पण नजर त्या फरशीवरून हटेना. तिथे त्याची बायको उभी राहायची. पंधरा वर्षं तिथेच टेबल मांडून ती ताटं वाढायची. ती गेल्यावर टेबल त्यानेच बाहेर काढलं, त्यालाही तीन वर्षं झाली.

लेकीने दुसरा कागद पुढे केला. तो भांडी घासणाऱ्या मावशींचा. त्यातही तोच फुगवटा! मावशी मागच्या वर्षी कामाला लागलेल्या. त्यांनी मालकिणीला बघितलंसुद्धा नव्हतं.

"मावशी, तुम्ही का वळता तिथून?"

"मालक जातात तशी जाते, ताई. आणि खोटं कशाला बोलू, सरळ जायला मन होत नाही. कुणाला तरी धक्का लागेल असं वाटतं."

आचाऱ्याच्या अंगावर काटा आला. तरी आतून बरंही वाटलं. म्हणजे आपण एकटेच वेडे नाही.

"बाबा, दर फेरीला चार पावलं जास्त, वर तिथे पाय मंदावतात ते वेगळंच, आणि दुपारभरात शंभर फेऱ्या. गिऱ्हाईक इथेच हातचं जातंय," लेक हळूच म्हणाली. तिथे कोण उभं राहायचं, ते तिलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिने फरशीवर शेगडीपासून फ्रिजपर्यंत सरळ पिवळी पट्टी चिकटवली. पहिल्या फेरीला आचारी पट्टीपाशी अडला, डोळे मिटले आणि गेला. पुढच्या फेऱ्यांना डोळे मिटायलाही सवड मिळाली नाही. त्या दुपारी एकही गिऱ्हाईक उपाशी उठलं नाही.

"जमलं, बाबा! आता कुलूप नको."

"नको," म्हणत तो स्टुलावर बसला. लेकीकडे न बघता तळपाय चोळत राहिला.

"आज शंभर वेळा तिच्या अंगावरून गेलो गं. एकदा तरी म्हणायचं होतं ना तिने, अहो, जरा बघून चाला."