फुल एचडीतली आई

ओळखीतलं कोणीही टीव्ही घ्यायला निघालं की आधी मला फोन करायचं, अशी एके काळी पद्धत होती. ती मीच पाडली होती. हिंजवडीत माझं काम वेबसाइट तपासण्याचं. एकच पान लहान मॉनिटरवर कसं दिसतं, मोठ्यावर कसं दिसतं, कुठलं बटण कडेबाहेर पळतं, हे दिवसभर बघायचं आणि ज्यानं ते केलं त्याच्या नावानं तक्रार टाकायची. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळायला लागला की माणूस घरीही ओव्हरटाइम करतो. पाहुणे चहाला आले तरी मी त्यांना सांगायचो, पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी, आडवे किती आणि उभे किती यावर सगळं अवलंबून. आडवे एकोणीसशे वीस, उभे एक हजार ऐंशी, झालं फुल एचडी. बायको पेठेत वाढलेली. ती पाहुण्यांना शांतपणे म्हणायची, "चहा आधी घ्या. ठिपके काही गार होत नाहीत."

आई गेली, आणि नोकरी संपल्यावर बाबा वर्ध्याहून आमच्याकडे वारज्याला राहायला आले. ट्रॅव्हल्सच्या डिकीत गोधडीत गुंडाळून त्यांनी आपला जुना टीव्ही आणला. मागे पोट सुटलेला, लाकडी रंगाचा, चालू करताना वर एक थाप मागणारा. आणि शर्टाच्या खिशात, पाकिटात घातलेली, ताईच्या लग्नाची सीडी.

त्या सीडीत आई जवळजवळ नाहीच. लग्नभर ती शूटिंगवाल्याकडे पाठ करून कामं करत होती. एकदाच, पंगतीत वाढताना, हातात मठ्ठ्याचं भांडं असताना ती वळते, थेट कॅमेऱ्याकडे बघते आणि काहीतरी बोलते. कॅमेऱ्याच्या बाजूला तेव्हा बाबा उभे होते, म्हणजे बोलते ती त्यांच्याशीच. पण शूटिंगवाल्यानं त्यावर सनई चढवलेली. ऐकू काहीच येत नाही, नुसते ओठ हलतात.

बाबा दर रविवारी आंघोळ झाली की तेवढा तुकडा लावायचे. "काहून रे, काय म्हणून राहिली असंल ही?" असं मला विचारायचे आणि माझ्या उत्तराची वाट न बघता परत मागे घ्यायचे. त्यांना ते शब्द आठवत नव्हते. आईचा चालता-बोलता असा तेवढाच क्षण उरलेला, आणि त्यात ती त्यांना काय म्हणाली हे त्यांनाच ठाऊक नाही. ओठांवरून हळूहळू लागत चाललंय, असं ते सांगायचे. "पहिला शब्द 'तुम्ही' आहे. तो पक्का झाला."

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण त्या वर्षी घरोघरी भिंतीवर चपटे टीव्ही चढत होते, आणि मला वाटलं, बाबांचे डोळे अधू, चष्मा सोडावॉटरच्या बाटलीच्या तळासारखा, मोठ्या पडद्यावर आई मोठी दिसली तर उरलेले शब्दही लागतील. ठिपके जास्त म्हणजे ओठ स्पष्ट. इतका साधा हिशोब.

स्वारगेटजवळच्या दुकानात मी बाबांना घेऊन गेलो. तिथं विक्रेत्याला मी रिझोल्यूशनवर प्रश्न विचारत राहिलो. हा एचडी रेडी का, तो फुल का, पॅनेल कोणतं, आमची बसायची जागा भिंतीपासून इतकी लांब आहे तर किती इंची चालेल. त्यानं बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, घ्यायचाय की शिकवायचाय?"

बाबांनी मला बाजूला ओढलं. "हे रिझोल्यूशन रिझोल्यूशन काय लावलं तू? आमच्याकडे रिझोल्यूशन म्हणजे ठराव."

बाबांनी जन्मभर पतसंस्थेत नोकरी केली, आणि सभांचं इतिवृत्त लिहिणं हे त्यांचं खास काम. त्यामुळे फुल एचडीला ते तिथल्या तिथे 'पूर्ण ठराव' म्हणू लागले. मी पैसे भरले तेव्हा म्हणाले, "सर्वानुमते मंजूर. विरोध कोणाचा नाही, कारण विचारलंच नाही." जुना टीव्ही एक्सचेंजमध्ये गेला. टेम्पोवाले तो उचलायला आले तेव्हा बाबांनी सवयीनं त्याच्यावर एक थाप मारली.

रविवारी आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून ते नव्या टीव्हीसमोर बसले. मी सीडी लावली. आई आली, वळली.

आई रुंद झाली होती. चौकोनी जुनं चित्र लांबट पडद्यावर ताणलेलं. हाताच्या काड्या असलेली माझी आई पैलवानासारखी मठ्ठा वाढत होती.

"अशी नव्हती रे ती," बाबा म्हणाले.

रिमोटमधून मी तो ताण काढला. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, आई पुन्हा बारीक झाली. पण चेहऱ्यात चेहरा नव्हता, नुसते चौकोन. गालाचे चार, कपाळाचे तीन, कुंकवाचा एक. ओठांच्या जागी दोन-तीन विटकरी चौकोन होते, ते खालीवर सरकले आणि सनई वाजत राहिली.

त्या सीडीत आडवे ठिपके होते जेमतेम साडेतीनशे. कारखान्यातून टीव्ही लाखो ठिपके घेऊन आला म्हणून आईचे ठिपके वाढत नाहीत. पंगतीला माणसं चार आणि पानं ऐंशी मांडली, तसं झालं. तीच चार माणसं पसरून बसवायची. जुन्या टीव्हीची काच मुळातच जरा धूसर, तिथं ठिपके एकमेकांत विरघळून जायचे आणि त्याचा चेहरा व्हायचा. हे सगळं मला ठाऊक होतं. मी पगार घेऊन लोकांना हेच सांगत होतो. फक्त आईला हे लागू होईल असं डोक्यात आलं नाही.

"'तुम्ही' बी गेला," बाबा म्हणाले. आवाज चढला नाही. उठून सीडी पाकिटात घातली.

पुढचे काही आठवडे मी धावलो. मूळ कॅसेटवरून नव्यानं उतरवावं म्हणून ताईकडून ती मागवली. कॅसेटला बुरशी लागली होती. दुकानात गेलो, तर जुना टीव्ही कधीच भंगारात गेला होता. वाघोलीला एका सहकाऱ्याच्या घरी तसाच एक डबा पडून होता, तो रिक्षात मांडीवर घेऊन आणला. त्याची पिक्चर ट्यूब दमलेली. आई, नवरदेव, भटजी, सगळे हिरवे.

"आता हिरवी," बाबा म्हणाले. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तो परत देऊन या. आणि येताना तिसरा आणू नका."

त्या दिवशी जेवताना बाबा मला म्हणाले, "तू जिवाला लावून नको घेऊ. तुझ्या आईवर एक रिझोल्यूशन झालंच होतं आधी."

मला कळलं नाही.

"शोकठराव. ती गेली तेव्हा संस्थेनं केला. 'आमच्या कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा...' लिहिणारा मीच ना बाप्पा. दुसरं कोण लिहिणार? सगळे उभे राहिले दोन मिनिटं. मी उभा राहू का लिहू, समजत नव्हतं." मग त्यांनी ताकाचा पेला संपवला आणि बायकोला म्हणाले, "सूनबाई, ताक झकास झालं."

त्यानंतरच्या एका रविवारी ते पुन्हा नव्या टीव्हीसमोर बसले. सीडी त्यांनीच लावली होती, मी पेपर वाचत होतो. चष्म्यावर वाफ की धूळ, काहीतरी होतं. तो काढून ते शर्टाच्या टोकानं पुसत होते. पुसता पुसता त्यांनी वर बघितलं, आणि हात थांबला.

"थांब थांब. मागे घे."

मी मागे घेतलं. आई वळली.

"आली," ते म्हणाले. "चष्मा नसला का नीट येते."

त्यांच्या उघड्या डोळ्यांना ते चौकोन दिसतच नव्हते. कडा विरघळल्या होत्या आणि एवढ्या मोठ्या भिंतीभर आई उभी होती, जुन्या टीव्हीत कधी मावली नसती एवढी. चष्मा मांडीवर ठेवून ते पुढे झुकून बसले. मी मागे घेत राहिलो. किती वेळा ते आठवत नाही. मग त्यांनी हात वर केला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी टीव्ही सोडून त्यांच्याकडेच बघत राहिलो.

"लागलं?" मी विचारलं.

"लागलं."

"काय म्हणते?"

त्यांनी चष्मा घातला, माझ्याकडे नीट बघितलं. "तुला नाही दिसलं? तू तर पूर्ण ठराववाला."

"बाबा, सांगा ना."

"ते मला म्हणाली ती. तुला म्हणाली असती तर तुला सांगितलं असतं."

त्यानंतर ते तुकडा लावायचे तो फक्त बघायला. मागे घेत नसत. मी दोन-तीनदा विषय काढला, त्यांनी दर वेळी विषय सुनेच्या स्वयंपाकावर नेला. मलाही वाटलं, घाई काय आहे, सांगतील कधीतरी. पावसाळ्याच्या शेवटी त्यांना ताप आला, तो छातीत उतरला, आणि दवाखान्यातून ते घरी आले नाहीत. तिथं मी शेजारी बसलो होतो. तेव्हा हे विचारणं बरं दिसलं नसतं.

आता मला कोणी टीव्हीचं विचारलं तर मी बायकोकडे फोन देतो. चष्मा मलाही लागलाय. रविवारी कधी ती सीडी लावतो आणि तो काढून बसतो. पण माझा नंबर फार कमी आहे. डोळ्यांचे डॉक्टर कौतुकानं म्हणतात, या वयात इतकी चांगली नजर क्वचित दिसते. मी डोळे बारीक करतो, खुर्ची मागे नेतो, दारापर्यंत जातो. विटकरी चौकोन खालीवर होतात. पहिला शब्द 'तुम्ही' असेल, असं समजून पुढचं जुळवून बघतो.

परवा बायको हात पुसत बाहेर आली. "अहो, चष्मा काढून काय बघताय?"

"काही दिसत नाहीये."

"मग घाला."

घातला. सगळे चौकोन स्वच्छ दिसले.