भिला कुंभाराचे घोडे

माझा भाऊ भिला, त्याची मडकी गळायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ही गजरा भावाचं कौतुक करायला बसली असं कुणाला वाटायला नको. आमच्या बापाच्या माठाला नवापूरपर्यंत नाव होतं. आणि त्याच्या पोटच्या पोराने केलेला माठ रात्री भरून ठेवला की सकाळी घरात चिखल. बायका तो परत आणून आमच्या ओट्यावर आपटायच्या, मी भिलाला शिव्या घालायची, आणि हा गाढवाच्या मानेवर हात फिरवत म्हणायचा, "माठ कोनीबी करस जिजी. घोडा करी दखाडा मंग."

घोड्याचं मात्र खरं होतं. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

आमचं घर चिंचपाड्याच्या अलीकडं, डोंगर सुरू होतो तिथं. आजा खालून कोरीटकडून आला आणि इथंच राहिला. डोंगरातल्या लोकांचा आमच्यावर भरवसा होता तो घोड्यांपायी. कुणाचं लेकरू तापातून उठलं, कुणाची हरवलेली म्हैस सापडली, की ते टेकडीवरच्या देवाला मातीचा घोडा वाहायचे. तो आमच्याकडून न्यायचे. पैशाचं नाव नाही. टोपलीभर भात आणायचे, आणि ते आल्याशिवाय भिला आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, उघडायचा नाही. गरम राखेतून घोडा काढून त्यांच्या नव्या फडक्यात ठेवायचा. पोट पोकळ, कान टवकारलेले, मान अशी की आत्ता फुरफुरेल. नवस केलेल्या माणसाने तो डोक्यावर घ्यायचा, वाटेत कुठं टेकवायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. टेकडीवर एकदा ठेवला की त्याला पुन्हा हात लावायचा नाही. उन्हापावसात तो तडकायचा, ढासळायचा, मातीत मिसळायचा. मिसळला की देवाने घेतला.

आता ह्यात एक लबाडी करता येते, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. टेकडीवरचा घोडा गुपचूप उचलायचा, धुवायचा, गेरू फासायचा आणि दुसऱ्या नवसाला पुन्हा द्यायचा. गुजरातकडच्या एका कुंभाराने तसं केलं होतं म्हणे. त्याला लोकांनी मारलं नाही, बोल लावला नाही. फक्त त्याच्या दारात कोणी गेलं नाही. भिलाला त्याच्या नुसत्या नावाने शिसारी यायची. "देवना उष्टा विकस," म्हणायचा आणि थुंकायचा.

दुसरी मोठी लढाई लागायच्या आधी दोन-तीन वर्षं झालं हे. नंदुरबारच्या एका शाळेची पोरं आगगाडीने चिंचपाड्याला उतरली. शाळेचं नाव मी घेत नाही. घेतलं की तोंडाची चव जाते.

पाच-सहा जण होती. कोट, काळ्या टोप्या, डोक्याला तेल चोपडलेलं. पुढारी ब्राह्मणपुरीचा रतिलाल, चांगल्या खात्यापित्या घरचा. ओट्यावर बसला आणि सांगायला लागला. शाळेत संग्रहालय मांडायचंय. पोरांच्या टोळ्या पाडल्यात. एका टोळीने दगड गोळा करायचे, एकीने धान्यं, एकीने जुनी नाणी नि तलवारी, एकीने सापविंचू. ह्यांच्या टोळीच्या वाट्याला आल्यात 'जंगली लोकांच्या वस्तू'. मोठा साहेब बघायला येणार, आणि ज्या टोळीचं मांडण चांगलं तिला चांदीचं पदक मिळणार.

मी म्हटलं, जंगली म्हणजे कोण रे? तर तो हसला. भाकरी माझ्या हातची खात होता, आणि हसला.

भिलाने त्यांना एक माठ दिला, गळका. तेवढं बरं केलं. मग त्यांनी गाढव मागितलं. डोंगरातून काहीबाही आणायचं आहे, म्हणाले.

"भिला, गधडं नको देऊ त्यासले," मी म्हटलं.

"शाळाना पोरं शेतस जिजी. चोर थोडाच शेतस."

आमच्या गाढवाचा डावा कान तरसाने फाडलेला होता. दहा गावांत ते गाढव माहीत. त्यातून तो बाजाराचा दिवस. दिवस कलताना ही पोरं भर बाजारातून गाढव हाकत स्टेशनाकडं निघाली, आणि गाढवाच्या दोन्ही बाजूंच्या टोपल्यांत टेकडीवरचे घोडे. माना बाहेर काढून.

टेकडीच्या पायथ्याच्या पाड्याचा सुकराम तिथं मीठ घेत होता. देवाचं सगळं तोच बघायचा. त्याच्यासोबत त्याची सून रूपीबाई होती. तिचं पोरगं देवीच्या आजारातून वाचलं म्हणून तिने त्याच हिवाळ्यात घोडा वाहिला होता. तो टोपलीत वरच होता. तिने ओळखला, आणि डोक्यावरचं गाठोडं तिथंच खाली ठेवलं.

सुकराम आमच्या दारात आला. मराठी तो बाजारापुरती बोलायचा. "भिला, ते गाढव तुझं?"

"मन्हंच."

"घोडे तुझ्या हातचे?"

"मन्हाच हातना. पन मी नही उचलात, सुकरामदादा. शाळाना पोरेसनी..."

"पोरांना घोडे कशाला लागतात?" सुकराम म्हणाला. चिडून नाही. त्याला खरंच कळत नव्हतं. शाळकरी पोरं मातीचे घोडे नेऊन काय करणार? कुंभाराने नेले तर विकेल तरी. तो उठला आणि गेला, आणि त्या दिवसापासून आमच्या दारात भाताची टोपली आली नाही. एकाने सुद्धा बोल लावला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी दुप्पट देऊन मोकळी झाले असते.

भिलाचं जेवण सुटलं. आवा लावायचा, घोडे भाजायचा, आणि उघडायचाच नाही, कारण उघडायचा कुणासमोर? मी म्हटलं, चल नंदुरबारला, माणसं आहेत तीही, बोलू त्यांच्याशी. माझी अक्कल ती.

शाळेत गेलो तर पोरांचा नुसता बाजार. प्रत्येक टोळीची एक खोली. ह्या टोळीचा डिंक त्या टोळीने पळवला म्हणून हाणामारी चाललेली. धान्यवाल्यांनी बियाण्याची टपोरी ज्वारी फळीवर डिंकाने चिकटवून तिचं फूल काढलं होतं. पेरायचा दाणा, आणि त्याला डिंक. सापवाल्यांच्या खोलीत बाटल्यांत साप फुगून पांढरे पडलेले, एक घुबड कापूस भरून उभं केलेलं, त्याच्या पोटाची शिवण उसवलेली. त्या वासाने मी पदर तोंडावर धरला. तलवारवाली पोरं दाराला कडी लावून बसली होती, दुसऱ्या टोळीने आपलं मांडण बघू नये म्हणून. शिकायला घातलेली ही पोरं.

रतिलालच्या खोलीत आमचे घोडे. भिला दारातच थांबला.

घोड्यांना रंग दिला होता. दारंखिडक्यांना देतात तो तेलाचा रंग, लाल आणि हिरवा. पावसाने विटलेले दिसत होते म्हणून, रतिलाल म्हणाला. एकाची शेपटी तुटली होती, तिथं काथ्याचा झुपका चिकटवला होता. पुढं एक चिठ्ठी होती. मी वाचायला सांगितलं. "भिल्ल मुलांची खेळणी."

"खेळणी?" भिला म्हणाला.

"त्या तं फेकेल व्हतात, मामा," रतिलाल म्हणाला. "पानीमा भिजी ऱ्हायंतात. आम्ही वाचवलं त्यांना."

त्याला ते खरं वाटत होतं. हीच तर घाण आहे. लबाड असता तर मी थोबाडात दिली असती.

हेडमास्तरकडं गेलो. सोनेरी काडीचा चष्मा, बोलणं गोड, साखरेत घोळलेलं. सगळं ऐकून घेतलं. घोडे परत देता येत नाहीत म्हणाला, साहेबांना आधीच कळवलंय. मग भिलाकडं बघत बसला आणि त्याचा चेहरा उजळला. "असं करू. तुम्हीच या ना त्या दिवशी. चाक घेऊन या. साहेबांसमोर घोडा करून दाखवा. मुलांच्या प्रदर्शनाला जिवंतपणा येईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांनी पोटावर पाय दिला, आणि आता ह्याच माणसाला घुबडाशेजारी बसवायला निघाले. मी भिलाचा हात ओढला. पण भिला हलला नाही. त्याला दुसरंच सुचलं होतं.

"येसू," येतो असं तो म्हणाला. "पन एक सांगा सायेब. मी आमना डोंगरना लोके लई येसू. त्यासना समोर तुम्ही सांगा, घोडा पोरेसनी आनात, भिलानी नही. इतलंच."

"एवढंच ना?" हेडमास्तर म्हणाला. "अहो, मी स्वतः सांगेन. सर्वांसमोर तुमचं नाव घेऊन सांगेन."

भिला गाडीत घरापर्यंत हसत आला. जेवलाही त्या दिवशी. मला म्हणतो, "दख, मोठा मानूसनं तोंड. सुकरामदादा माननारच."

सुकरामला आणायला तो टेकडीच्या पायथ्याशी जाऊन बसला. त्यांनी त्याला ओट्यावर घेतलं नाही, तर अंगणात बसला. शेवटी रूपीबाईनेच सासऱ्याला सांगितलं की ऐकू तरी या. तिलाही हवं होतं. देव म्हणेल, दिलेला घोडा हिने परत नेला, ह्या धास्तीने ती पोराला खाली ठेवत नव्हती. घोडा दुसरा वाहायचा तर तो कुणाकडचा, हा प्रश्न होताच. भिलाकडचा चालणार का, ते त्या दिवशी ठरणार होतं. भिलाचं सगळं त्या एका वाक्यावर होतं.

तर त्या दिवशी भिला शाळेत चाकाशी बसला. भोवती सुतळी बांधली होती, माणसं आत शिरू नयेत म्हणून. बैलाला तरी एक दावं बांधतात, ह्याला चारी बाजूंनी. साहेब आला, बाया-माणसं आली, पोरं एकमेकांना ढकलत होती. भिलाने चाक फिरवून घोड्याचं पोट काढलं, हाताने मान, कान, पाय जोडले. साहेबाने मान डोलावली. एका बाईने नाकाला रुमाल लावून विचारलं, हे लोक अंघोळ करतात का? मी भिंतीशी उभी होते. मी सगळं गिळलं, त्या एका वाक्यासाठी. सुकराम आणि रूपीबाई मागं, दाराशी, पोर कडेवर.

मग भाषण झालं. रतिलालच्या टोळीला चांदीचं पदक मिळालं. टाळ्या झाल्या. हेडमास्तर उभा राहिला, घसा साफ केला, आणि भिलाकडं बघून हसला. त्याला वचन आठवत होतं, तेवढं मी बघितलं.

"या प्रसंगी एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही," तो म्हणाला. "डोंगरातले हे दुर्मिळ घोडे आपल्याला लाभले ते ह्या भिला कुंभारामुळे. स्वतःच्या गाढवावरून, एक पैसाही न घेता, त्याने ते शाळेला मिळवून दिले. अशिक्षित माणसाचं हे औदार्य आपण सर्वांनी घेण्यासारखं आहे."

पोरांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या. रतिलालने तर सगळ्यात जास्त.

भिलाचे हात चिखलात होते, तसेच राहिले. उठून काही बोलेल म्हणून मी बघत होते, पण सुतळीच्या आत बसून साहेबासमोर काय बोलणार होता तो? त्याच्या गळ्यात उपरणं घातलं, मांडीवर नारळ ठेवला. मी हेडमास्तरला गाठलं आणि विचारलं, हे काय केलंत? तर म्हणाला, "साहेबांसमोर मुलांनी देवस्थानातून उचलले असं कसं सांगायचं, बाई? मुलांचं नाव खराब होतं. आणि तुमच्या भावाचा केवढा मान केला, बघितलंत ना." मी तो नारळ भिलाच्या मांडीवरून घेतला आणि त्यांच्या त्या सापांच्या बाटल्यांवर फेकला. बाटल्या फुटल्या, वास सुटला, साहेब रुमाल धरून बाहेर पळाला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

परतीच्या गाडीत सुकराम आणि रूपीबाई आमच्याच डब्यात होते.  चिंचपाड्याला उतरल्यावर सुकराम थांबला. "भिला, मी तुझ्याशी भांडत नाही," तो म्हणाला. "मोठ्या माणसाने सांगितलं, आम्ही ऐकलं." रूपीबाईने पोराला पदराखाली घेतलं आणि चाक न्यायला स्टेशनाबाहेर बांधलेल्या आमच्या गाढवाला वळसा घालून गेली.

भिलाने आवा उघडला तो दुसऱ्या दिवशी. आतले घोडे काढले, फोडले, आणि मातीत मळायला मला दिले. भाजलेली माती मळत नाही, हे त्याला काय मी सांगायचं? मी तो चुरा वाटेवर टाकला. पुढं तो विटा पाडायचा. विटा गळत नाहीत. पंधरा-एक वर्षं त्याने विटा पाडल्या आणि छातीच्या दुखण्याने गेला. घोडा पुन्हा केला नाही. पोरं मागायची खेळायला, तरी केला नाही.

तो गेल्यावर एकदा मी त्या शाळेत गेले होते. फुटक्या काचनळ्या ठेवायच्या कपाटात घोडे आहेत अजून, लाल आणि हिरवे. 'खेळणी'ची चिठ्ठी काढून दुसरी लावली आहे. शिपायाकडून वाचून घेतली. "देणगीदार, भिला कुंभार, चिंचपाडा." आमच्या घरात कुणाचं नाव कागदावर कधी आलं नव्हतं. भिलाचं आलं, ते तेवढंच.